नवे क्लोज्ड-बॅक हेडफोन : पहिल्या ऐकण्यानंतरचे प्रश्न

हेडफोनविषयी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे नव्याने घेतलेल्या क्लोज्ड-बॅक, म्हणजे कपाची मागची बाजू बंद असलेल्या, जोडीबद्दलच्या पहिल्या मताशी निगडित आहेत, म्हणून या वेळी तेवढेच घेतले आहेत. पहिले मत खोटे नसते. पण ते हेडफोनबद्दल जेवढे सांगते, तेवढेच हेडफोन डोक्यावर कसे बसले आहेत, आवाज किती ठेवला आहे आणि कानांना आधी कशाची सवय होती याबद्दलही सांगते. या तीन गोष्टी बाजूला काढल्याशिवाय नव्या जोडीला चांगले किंवा वाईट म्हणणे घाईचे ठरते.

प्रश्न : मी बरीच वर्षे ओपन-बॅक (मागे जाळी असलेले) हेडफोन वापरले. नव्या क्लोज्ड-बॅक जोडीवर गायकाचा आवाज कोंदट आणि थोडा नाकातून आल्यासारखा वाटतो, आणि सगळी वाद्ये डोक्यातच गर्दी करून बसल्यासारखी वाटतात. हा माझ्या जोडीचा दोष आहे की या प्रकाराचा स्वभावच असा आहे?

उत्तर : तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकत्र केल्या आहेत आणि त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

आधी कोंदटपणाचे पाहू. ड्रायव्हरचा, म्हणजे हेडफोनमधल्या आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा, पडदा हलतो तेव्हा जेवढा आवाज कानाकडे जातो, जवळपास तेवढाच मागच्या बाजूलाही जातो. ओपन-बॅक हेडफोनमध्ये हा मागचा आवाज जाळीतून बाहेर निघून जातो. क्लोज्ड-बॅकमध्ये मात्र तो कपात अडकतो, भिंतींवर आदळून परत फिरतो आणि पातळ पडद्यातून पुन्हा कानापर्यंत पोहोचतो. कपाच्या समोरासमोरच्या दोन भिंतींत ५ सेंटीमीटर अंतर असेल, तर त्या पोकळीचा पहिला अनुनाद (ठरावीक सुराला आवाज आपोआप वाढणे) सुमारे ३,४०० हर्ट्झवर येतो, आणि माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झ या पट्ट्यातच सर्वाधिक संवेदनशील असतो. म्हणूनच क्लोज्ड-बॅक हेडफोन चांगला बनवणे हे ओपन-बॅकपेक्षा अवघड काम आहे: कपात आवाज शोषणारे अस्तर किती आणि कुठे घालायचे, भिंतींना आकार कोणता द्यायचा, हवेला बाहेर पडायला बारीक छिद्र ठेवायचे की नाही, यावर सगळा निकाल अवलंबून असतो.

तुमच्या जोडीत हा अनुनाद खरोखर उरला आहे का, हे पाहण्यासाठी एकट्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण लावा. तार छेडल्यावर तिचे वरचे स्वरांश एकामागून एक उमलतात आणि मावळतात. त्यांची ही हालचाल स्वच्छ ऐकू आली पाहिजे. प्रत्येक छेडीनंतर एकच पट्टा पुन्हा पुन्हा, त्याच जोरात पुढे येत असेल, तर तो तानपुऱ्याचा नसून कपाचा आहे असे समजा. मग दोन्ही कप कानावरून थोडे पुढे, थोडे मागे, थोडे खाली सरकवून तेच पुन्हा ऐका. जागा बदलताच नाकातला सूर गेला, तर प्रश्न बसण्याचा होता. कुठेही ठेवले तरी तो तसाच राहिला, तर तो हेडफोनचाच गुण आहे, आणि सवय होईल या आशेवर ती जोडी ठेवून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

गर्दीची तक्रार मात्र मी इतकी गंभीर मानत नाही. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही अगदी किंचित उशिराने मिळतो आणि खोलीच्या भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो. हेडफोनमध्ये हे दोन्ही नसते, म्हणून वाद्ये डोक्याच्या आत वाटणे हे दोन्ही प्रकारांत घडतेच. ओपन-बॅकमध्ये बाहेरची हवा आणि खोलीचा हलका आवाज कानापर्यंत येत असल्यामुळे बंदिस्तपणा कमी जाणवतो, इतकेच. काही दिवस फक्त नवी जोडी वापरा आणि मग तुलना करा. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण एखाद-दुसऱ्या डेसिबलने मोठी असलेली जोडी कानाला ‘मोठी’ न वाटता ‘चांगली’ वाटते.

प्रश्न : मला चष्मा आहे. परीक्षणांत भरपूर बेस असल्याचे वाचून हेडफोन घेतले, पण मला बेस अगदीच कमी ऐकू येतो, आणि डाव्या बाजूला तर नाहीच म्हणावा इतका कमी. ड्रायव्हर खराब असेल का?

उत्तर : ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी चष्मा काढून तेच गाणे ऐका. क्लोज्ड-बॅक हेडफोनचा खालचा आवाज पॅड, गाल आणि कानामागची कातडी यांच्यामध्ये हवा किती घट्ट कोंडली जाते यावर उभा असतो. चष्म्याची काडी पॅडखालून जाते तिथे एक अरुंद, तिकोनी फट राहते. डोळ्याला ती नगण्य दिसते, पण त्या फटीतून सर्वांत आधी पळते ती खर्जाची ताकद, म्हणजे साधारण २०० हर्ट्झच्या खालचा भाग. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. तुमच्या फटीने नेमके तेच गिळलेले असते. एकाच बाजूला बेस कमी असणे हेही यात बसते, कारण काड्या क्वचितच दोन्हीकडे अगदी सारख्या बसतात.

खात्री करून घ्यायची असेल तर ४० हर्ट्झचा सलग सूर हळू आवाजात लावा आणि डाव्या कपाचा काडीजवळचा भाग बोटाने हलकेच दाबा. सूर एकदम भरून आला, तर ड्रायव्हर ठणठणीत आहे. केसांची बट पॅडखाली अडकली तरीही हेच घडते. उपाय म्हणून पातळ काडीची चौकट किंवा जाड आणि मऊ फोमचे पॅड उपयोगी पडतात; काडी कानावरून किंचित वर उचलून पॅडच्या कडेबाहेर ठेवता आली तर तेही चालते. इक्वलायझरने बेस वाढवून ही फट भरून काढू नका. मान वळवली की फट बदलते, बेसही बदलतो, आणि ड्रायव्हरवर मात्र विनाकारण ताण पडत राहतो.

प्रश्न : नव्या हेडफोनवर शंभर-दोनशे तास सलग आवाज वाजवून ते ‘मोकळे’ केल्याशिवाय मत बनवू नये, असे मला सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : ड्रायव्हरच्या पडद्यात सुरुवातीच्या वापराने होणारे बदल मोजमापात फारच लहान दिसतात. हेडफोन काढून पुन्हा घातला तरी वरच्या स्वरांत याहून मोठा, कधीकधी कित्येक डेसिबलचा फरक पडतो. लोकांना काही आठवड्यांनी आवाज बदललेला वाटतो, हे मात्र खरे आहे, आणि त्याची कारणे दोन आहेत. पॅडचा फोम मऊ होऊन चेहऱ्याच्या आकाराला जुळतो, त्यामुळे हवा जास्त घट्ट कोंडली जाते आणि ड्रायव्हर कानाच्या किंचित जवळ येतो. आणि आपला मेंदू नव्या आवाजाला सरावतो. या दोन्हींसाठी हेडफोन डोक्यावर असावे लागतात. कपाटात ठेवून रात्रभर खरखर वाजवण्याने त्यातले काहीही साधत नाही, उलट परत करण्याची मुदत मात्र निघून जाते.

प्रश्न : चांगल्या हेडफोनचा आवाज सपाट असावा असे वाचले होते. कोणत्या सुराला आवाज किती येतो हे दाखवणाऱ्या माझ्या जोडीच्या आलेखात ३,००० हर्ट्झजवळ मोठा उंचवटा आहे आणि बेसही वर उचललेला आहे. मग ती चांगली कशी म्हणायची?

उत्तर : स्पीकर सपाट असावा हे बरोबर, पण त्याचे माप स्पीकरसमोर घेतले जाते. हेडफोनचे माप कानाच्या आत, कानाचा पडदा जिथे असतो तिथे घेतात, आणि बाहेरून येणारा कोणताही आवाज तिथे पोहोचेपर्यंत कानाची पाळी आणि नळी यांनी आधीच बदललेला असतो. कानाच्या नळीचा स्वतःचा अनुनाद ३,००० हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे १० डेसिबलहून अधिक उंचवटा ही निसर्गाचीच देणगी आहे. तो उंचवटा नसलेला हेडफोन कानाला बोथट आणि दूरचा वाटेल. ध्वनियंत्रे बनवणाऱ्या हार्मन कंपनीत संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३च्या सुमारास केलेल्या श्रवण-चाचण्यांतून असे दिसले की, चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा ऐकू येणारा हेडफोन बहुतेकांना आवडतो, आणि त्यात खालच्या बाजूला थोडा उठावही येतो, कारण खोली स्वतःच बेस वाढवते. तेव्हा उंचवट्याला घाबरू नका. घाबरायचे ते अरुंद, टोकदार सुळक्यांना आणि दरींना. तेही ८,००० हर्ट्झच्या वर असतील तर आलेखावर फार विसंबू नका, कारण तिथे प्रत्येकाच्या कानाचा आकार निराळे उत्तर देतो.

प्रश्न : क्लोज्ड-बॅक असूनही पंख्याची घरघर ऐकू येतेच. मग बंद असण्याचा उपयोग काय?

उत्तर : कपाची भिंत आणि पॅड वरचे आवाज चांगले अडवतात. बोलणे, कीबोर्डची टकटक, भांड्यांचा खणखणाट हे बरेच कमी होते. १,००० हर्ट्झच्या वर २० डेसिबल किंवा त्याहूनही अधिक घट मिळू शकते. पंखा किंवा इंजिन यांची घरघर त्याच्या खूप खाली असते आणि तिथे साधा कप जवळपास निरुपयोगी ठरतो. नॉइज-कॅन्सलिंगचे, म्हणजे बाहेरच्या आवाजाविरुद्ध उलटा आवाज सोडून तो पुसणाऱ्या हेडफोनचे, काम नेमके उलटे, ते खालच्या आवाजावरच सर्वांत परिणामकारक असते. तुमचा त्रास घरघरीचाच असेल तर तुम्हाला तो प्रकार हवा आहे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो : घरघर झाकण्यासाठी आवाज वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे ५ तासच उरतात, जे रोजच्या प्रवासात सहज संपतात. बंद हेडफोनचा खरा फायदा हाच की, भोवतालचा गोंगाट कमी झाल्याने कमी आवाजातही बारकावे ऐकू येतात. तो फायदा घ्यायचा की घालवायचा, हे व्हॉल्यूमच्या बटणावर ठरते.

प्रश्न : मी बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रोची २५० ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध) जोडी घेतली. मोबाइलच्या डोंगलवर (फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या अडॅप्टरवर) आवाज लहान वाटतो. ॲम्प (आवाज वाढवणारे उपकरण) घ्यावाच लागेल का? ८० ओहमची घ्यायला हवी होती का?

उत्तर : याचा हिशेब सोपा आहे, तो एकदा करून पाहावा. या मालिकेची संवेदनशीलता १ मिलिवॉटला ९६ डेसिबल अशी दिलेली असते. डोंगल १ व्होल्ट देत असेल, तर २५० ओहमला ४ मिलिवॉट मिळतात, म्हणजे सुमारे १०२ डेसिबल. ८० ओहमला १२.५ मिलिवॉट मिळतात, म्हणजे सुमारे १०७ डेसिबल. फरक ५ डेसिबलचा आहे, जाणवण्याजोगा पण प्रचंड नाही. मात्र १०२ हा आकडा संगीतातल्या सर्वांत मोठ्या क्षणाचा आहे. आधुनिक चित्रपटगीते बहुधा त्या कमाल पातळीच्या अगदी जवळ बांधलेली असतात, त्यामुळे ती पुरेशी मोठी वाटतील. पण शास्त्रीय गायनाच्या संयत ध्वनिमुद्रणाची सरासरी पातळी तिच्या २० डेसिबल खाली असू शकते, आणि तिथे तुम्हाला आवाज अपुरा वाटत असणार. तुमचे ऐकणे प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचे असेल तर साधा, स्वच्छ ॲम्प घ्या. त्याला २ व्होल्ट देता आले तरी ६ डेसिबल वाढतात. फक्त आवाजाची पातळी वाढेल हे लक्षात असू द्या. ॲम्पने कोंदट हेडफोन मोकळा होत नाही.

प्रश्न : याच डीटी ७७० प्रो जोडीवरून फोनवर बोलताना माझाच आवाज घुमतो. पॅड मखमली घेतले तर घुमणे आणि कानाचा घामही थांबेल का?

उत्तर : स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून आणि हाडांतून असा दोन्ही मार्गांनी ऐकू येतो. कप कानावर बसला की हवेतून येणारा तीक्ष्ण भाग अडतो, हाडांतून येणारा खालचा भाग आतच कोंडतो, आणि आवाज पिंपातून आल्यासारखा होतो. बोलताना एक कप कानामागे सरकवणे हाच यावरचा नेमका उपाय आहे. घामासाठी मखमली पॅड निश्चित बरे, कारण त्यातून हवा खेळते. पण तीच हवा थोडा खर्ज आणि थोडा बंदिस्तपणा बरोबर नेते. काही हेडफोन मखमली पॅड गृहीत धरूनच जुळवलेले असतात, आणि तुमची जोडी त्यांपैकीच आहे, तिच्यावर मखमली पॅडच येतात. म्हणून तुमच्याबाबतीत नवे पॅड घेण्याऐवजी आहेत तेच काढून, धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा बसवा. ज्यांचे हेडफोन कृत्रिम चामड्याच्या पॅडवर जुळवलेले आहेत, त्यांनी मखमली पॅड लावण्याआधी जुने जपून ठेवावेत, कारण बदलानंतरचा आवाज आवडेलच असे नाही.