मी ४४ वर्षांचा समलिंगी पुरुष आहे, पुण्यात एकटा राहतो. म्हातारपणी माझं कसं होणार? त्यासाठी आता तरी लग्न करून टाकावं का?

लग्नाचं आधी सांगतो. करू नका.

मी ६७ वर्षांचा आहे. बँकेत नोकरी केली, आता निवृत्त होऊन ठाण्यात राहतो. माझा जोडीदार माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, शाळेत गणित शिकवायचा. नव्वदच्या दशकापासून आम्ही एकत्र आहोत. आमच्या पिढीतल्या बहुतेक गे पुरुषांनी लग्नं केली. घरच्यांनी मुलगी पाहिली, नाही म्हणायला कारण सांगता येईना, आणि हे बोहल्यावर उभे राहिले. त्यातल्या काहींच्या बायकांना मी जवळून ओळखतो. आज त्याही साठीच्या पुढे गेल्यात, त्यांचेही गुडघे दुखतात, आणि नवऱ्यानं आपल्याला कधी जवळ का घेतलं नाही याचं उत्तर त्यांना अजून मिळालेलं नाही. आपल्यातच काही कमी असेल असं समजून त्यांनी संसार रेटला. उतारवयात उशाशी कुणी असावं म्हणून एखाद्या बाईला या वाटेला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि जाणूनबुजून केलेला असेल तर फारच मोठा. शुश्रूषेला माणूस लागतं तेव्हा पगार देऊन ठेवता येतं.

आता तुमची भीती. ती कुठून येते हे मला ठाऊक आहे, कारण चाळिशीत मलाही ती होती. आपल्याला आपल्यासारखी म्हातारी माणसं दिसतच नाहीत. काका, आजोबा, शेजारचे निवृत्त मास्तर, यांत ‘हा माझ्यासारखा, आणि बघा कसा छान जगतोय’ असं बोट दाखवावं असा कुणी नसतो. यामागे कारणं आहेत. अशोक राव कवींनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे गे लोकांसाठीचं मासिक सुरू केलं ते १९९० साली, आणि आपल्यासाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली १९९४ मध्ये. त्याआधी भेटण्याच्या जागा म्हणजे बागा, स्टेशनं, समुद्रकिनारा. तिथे खरं नावसुद्धा कुणी सांगत नसे. नंतर एचआयव्ही आला. सरकारी दवाखान्यांत एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी एआरटीची औषधं मोफत मिळू लागली ती एप्रिल २००४ पासून. तोवर आमच्यातले कितीतरी जण गेले, ऐन तिशी-पस्तिशीत, आणि घरच्यांनी टीबी झाला होता असं सांगितलं. ते असते तर आज साठी-सत्तरीत असते आणि तुम्हाला दिसले असते. जे उरले त्यातले बरेच संसारात लपलेले. म्हणून तुम्हाला वाटतं की आपल्याला म्हातारपणच नाही. आहे, आणि ते चांगलं जाऊ शकतं.

पण एक गोष्ट मी पोटतिडकीनं सांगेन. एकटं असण्यानं आपलं जेवढं नुकसान होत नाही, तेवढं आपल्याबद्दल आजूबाजूला कुणालाच काही माहीत नसण्यानं होतं. तरुणपणी ही गुप्तता सांभाळून घेते. सोसायटीत ‘ते दोघे मित्र राहतात’ एवढ्यावर सगळं भागतं, कुणी खोदून विचारत नाही. म्हातारपणात मात्र आपल्या वतीनं दुसऱ्यांना निर्णय घ्यावे लागतात. डॉक्टर, बँकेचा माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी, भाऊ, पुतण्या. त्यांना जे सांगितलंय आणि जे कागदावर आहे त्यावरच ते चालणार.

माझ्या जोडीदाराच्या बायपासच्या वेळी मी रुग्णालयात फॉर्म भरत होतो. ‘पेशंटशी नातं’ या रकान्यात काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडून ऐकून ‘मित्र’ लिहिलं आणि म्हणाली, ‘काका, नातेवाईक कुणी येणार आहेत का? सही लागेल.’ तो पलंगावर पूर्ण शुद्धीत होता. शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाची स्वतःची संमती हीच कायद्यानं खरी. पण रुग्णालयांना वाद नको असतात, बिलाला जबाबदार माणूस हवा असतो. शेवटी त्याचा पुतण्या नाशिकहून रात्रीची गाडी पकडून आला. काकांबरोबर मी कोण हे त्या मुलाला आधीपासून माहीत होतं. त्यानं सही केली आणि डॉक्टरांना सांगितलं, ‘काय विचारायचं ते काकांना विचारा,’ म्हणजे मला. ते एक वाक्य नसतं तर आयसीयूच्या काचेबाहेर बसून मला कुणी काही सांगितलंच नसतं.

याउलट माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं झालं. त्यांचा जोडीदार गेला तेव्हा अग्नी भावाच्या मुलानं दिला, ते ठीकच. पण हे स्मशानात ऑफिसच्या मंडळींमध्ये मागे उभे होते आणि तेराव्याला पंगतीत पाहुण्यासारखे जेवून उठले. घर त्याच्या नावावर होतं. महिनाभरात बहिणींनी सौम्य शब्दांत विचारलं, तुम्ही कधी हलताय? त्या बहिणी वाईट नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की हे भाडेकरू आहेत. बायको गेलेल्या माणसाचं सांत्वन करायला अख्खी चाळ लोटते. या माणसाला कुणी चहासुद्धा विचारला नाही. हे आठवलं की अजून माझा घसा दाटून येतो.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून आपण ६ सप्टेंबर २०१८ ला सुटलो. लग्नाचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला. त्यामुळे नवरा-बायकोला जे न मागता मिळतं ते आपल्याला एकेक कागद करून जमवावं लागतं. माझ्यामागे माझ्या जोडीदाराला फॅमिली पेन्शन मिळणार नाही. महाराष्ट्रात नवरा-बायकोला किंवा मुलांना राहतं घर बक्षीसपत्रानं द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. आम्हाला ती सवलत नाही. ‘नातेवाईक’ नसलेल्या माणसाकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट घेतली तर त्यावर आयकर लागतो. मृत्युपत्रानं मिळालेल्यावर लागत नाही. म्हणून मृत्युपत्र हाच आपला मुख्य आधार.

तुम्ही हिंदू असाल आणि मृत्युपत्र न करता गेलात तर सगळं आधी आईला जातं, ती नसेल तर वडिलांना, तेही नसतील तर भावंडांना. ज्या मित्रानं रात्री-अपरात्री दवाखान्यात नेलं त्याचं नाव त्या यादीत कुठेच नाही. बायकांच्या बाबतीत तर कायदा आणखी विचित्र आहे. एखादी स्त्री नवऱ्यापासून वेगळी झाली, वीस वर्षं मैत्रिणीबरोबर राहिली, पण रीतसर घटस्फोट घेतला नसेल, तर तिच्या कमाईच्या घराचा वारस तो नवराच. आपल्या मैत्रिणींना हे जरूर सांगा.

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. दोन साक्षीदार हवेत, ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. नोंदणी सक्तीची नाही, पण आपल्यासारख्यांनी ती करावीच, आणि वय झाल्यावर करत असाल तर मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखलाही जोडावा. भावंडं आव्हान देतील अशी शक्यता आपल्याकडे जास्त असते.

नॉमिनी म्हणजे मालक, असा फार मोठा गैरसमज आहे. बँकेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून सांगतो, नॉमिनी फक्त पैसे स्वीकारतो, मालक ठरतात ते वारस किंवा मृत्युपत्रात ज्यांची नावं आहेत ते. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, आणि सोसायटीतला नॉमिनीही वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद असतो. फ्लॅट दोघांच्या नावावर असला तरी एकाच्या वाट्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याला जात नाही. तरीही नॉमिनी नेमाच, कारण पहिल्या महिन्यांत हातात पैसा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलंय की आपल्या जोडीदाराबरोबर जॉइंट खातं काढायला किंवा त्याला नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. शाखेत कुणी का-कू केलं तर हे सांगा.

आजारपणासाठी दोन कागद आहेत. एक लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही एवढं पुरतं, आणि बरं होण्याची आशा उरली नाही तर कुणाला विचारायचं त्यांची नावं त्यात घालता येतात. दुसरा, मानसिक आजारात निर्णय घ्यायला मदत करणारा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नेमायचा प्रतिनिधी. साध्या कागदावर कुणाही सज्ञान माणसाचं नाव लिहून सही करायची, रक्ताचं नातं लागत नाही. मुखत्यारपत्रावर फार विसंबू नका. तुमची समज गेली की त्याचा जोर संपतो, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. आरोग्य विमा नसेल तर लगेच घ्या, चाळिशीत तो स्वस्तात पडतो. सत्तरीनंतर आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच सगळ्यांना आहे, पण तोवर अजून बरीच वर्षं काढायची आहेत.

तुम्ही म्हणाल, कागद केले, पण त्यावर नाव कुणाचं घालू? तुमच्या प्रश्नातली खरी सल हीच असावी. जोडीदार मिळेल की नाही हे मी सांगू शकत नाही. अ‍ॅपवर पंचेचाळिशी दिसली की समोरचा गप्प होतो हेही खरं, आणि आपल्याच लोकांनी आपल्याला असं बाद करावं याचं मला फार वाईट वाटतं. पण कागदावर नाव घालायला प्रियकरच लागतो असं नाही. मद्रास उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलं की कुटुंब व्हायला लग्न हा एकमेव मार्ग नाही, निवडलेलं कुटुंबही असतं. तृतीयपंथी समाजात हे कधीपासूनच चालत आलंय. थकलेल्या गुरूला चेले जेवू घालतात, दवाखान्यात नेतात. आपण मध्यमवर्गीय गे पुरुष मात्र चार भिंतींत एकेकटे बसतो.

तेव्हा आजच माणसं निवडा आणि त्यांना खरं सांगा. सगळ्या जगाला सांगण्याची गरज नाही. एखादी बहीण, एखादा भाचा, समोरच्या फ्लॅटमधलं जोडपं, फॅमिली डॉक्टर. डॉक्टरांना तर नक्कीच, नाहीतर तपासण्याही अर्धवट होतात. तुमच्याहून वयानं बऱ्याच लहान अशा किमान दोघांशी मैत्री ठेवा, कारण समवयस्क आपल्याबरोबरच थकतात. पुण्यात २००२ साली समलिंगी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट ही संस्था सुरू झाली. अशा ठिकाणी जात राहा आणि आधी कुणाची तरी सोबत करा. कुणाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला थांबा, कुणाच्या आईच्या आजारपणात डबा पोचवा. आमचं ठाण्यातलं वर्तुळ असंच जमलं. आमच्या घराची एक किल्ली तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे असते, आणि सकाळी दुधाची पिशवी दारात तशीच दिसली तर त्या बेल वाजवतात. त्यांना आमच्याबद्दल सगळं माहीत आहे. सांगितलं तेव्हा म्हणाल्या, ‘मला वाटलंच होतं. गणपतीला मोदक किती पाठवू ते बोला.’

आई-वडील हयात असतील तर त्यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, तिथे मी जोर करणार नाही. भावंडांशी मात्र बोला. पुढे सही करायची वेळ येईल ती त्यांच्यावर किंवा त्यांच्या मुलांवर.

वृद्धाश्रमाचा विचार मनात असेल तर तो साठीच्या आत प्रत्यक्ष जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या अर्जावर एका जबाबदार माणसाची सही मागतात. ती कोण करणार हे त्या माणसाशी आधीच बोलून ठेवा. पुढे जोडीदार मिळाला तर दोन पुरुषांना एक खोली देतात का हेही व्यवस्थापकांना तोंडावर विचारा. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी तसं विचारलं. एका ठिकाणी विषय बदलला गेला. दुसरीकडे बाईंनी विचारलं, खिडकी पूर्वेची हवी की बागेकडची? तिथे आम्ही नाव नोंदवलंय.