लॅपटॉपवर बरोबर चालणारा दोन थ्रेडचा सी++ कोड रास्पबेरी पाय ४ वर कधीकधी जुनंच रीडिंग का दाखवतो? फ्लॅगला व्होलाटाइल लावलंय.

भावा, पाय पण चांगला आहे आणि सेन्सर पण, घोळ त्या व्होलाटाइलमध्ये आहे. तुझा एक थ्रेड (प्रोग्रॅममधलं एकाच वेळी चालणारं एक काम) भट्टीचं टेंपरेचर स्ट्रक्चरमध्ये लिहून मग रेडी हा फ्लॅग ट्रू करतोय, दुसरा रेडी बघत फिरत बसतोय आणि ट्रू दिसलं की स्ट्रक्चर वाचतोय. तू लिहिलेल्या क्रमानंच दुसऱ्या कोअरला दिसेल अशी गॅरंटी एआरएम, म्हणजे पायमधला प्रोसेसर, देतच नाही. व्हॅल्यू आधी कोअरच्या स्टोअर बफरमध्ये (लिहिलेलं तात्पुरतं ठेवायची जागा) पडते, तिथनं कॅशमध्ये जाताना रेडी आधी आणि टेंपरेचर मागनं असं होऊ शकतं, आणि वाचणारा कोअर पण काय कमी नाही, तो स्ट्रक्चर आधीच वाचून ठेवतो आणि रेडी नंतर बघतो. इंटेल असलं दाखवत नाही म्हणून लॅपटॉपवर सगळं सुसाट. (तिथं पण राइटच्या मागचं रीड पुढं सरकतं, डेकरचा अल्गोरिदम, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडायची जुनी युक्ती, फेन्स (क्रम पाळायला लावणारी सूचना) न घालता लिहून बघ, आपटशील.)

व्होलाटाइल कंपायलरला एवढंच सांगतं की हे व्हेरिएबल दरवेळी मेमरीतनं वाच. शेजारच्या साध्या स्ट्रक्चरचं काय, ते नाही, आणि प्रोसेसरला तर काहीच नाही. जावाचं व्होलाटाइल वेगळं, जावा ५ पासनं तिथं क्रमाची गॅरंटी आहे, आणि निम्मी पोरं तेच वाचून सी++ मध्ये ठोकतात.

रेडी ॲटॉमिक बूल (थ्रेडमध्ये बिनधास्त वाटून घेता येणारं ट्रू-फॉल्स) कर, लिहिताना रिलीज (आधी लिहिलेलं आधीच दिसायला पायजे), वाचताना ॲक्वायर (पुढचं वाचन याच्या नंतरच). दोन्हीकडं पायजे, एकीकडं लावून भागत नाही. सी++११ पासनं भाषेतच आहे हे. पण पहिलं रीडिंग वाचून व्हायच्या आत दुसरं त्याच स्ट्रक्चरवर येऊन पडलं तर ॲटॉमिक असून पण अर्धं जुनं अर्धं नवं हातात येईल, त्यामुळं मी तर सरळ म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) आणि कंडिशन व्हेरिएबल (काम येईपर्यंत थ्रेडला झोपवून ठेवणारं) लावलं असतं, फिरत बसणं पण वाचतं. सेकंदाला एकदा लॉक घेऊन पायला काय फरक पडतोय? कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत असल्या डेटा लॉगरवर लॉक-फ्रीचा (लॉक न वापरता भागवायचा) नाद करणारे लई बघितलेत, कशाला ते.

प्रिंट घातला की बग गायब होतो म्हणालास, होणारच, प्रिंट आतनं स्वतःचं लॉक घेतो आणि टायमिंग पण बदलतं. जीसीसी कंपायलरचा थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या चुका पकडणारं टूल) चालू करून लॅपटॉपवरच पळव, उत्तर बरोबर आलं तरी रेस (दोन थ्रेडची एकाच डेटावर बिनक्रमाची झटापट) कुठल्या ओळीवर आहे ते दाखवेल.