‘स्ट्राँग कोल्ड’ चूक आणि ‘हेवी कोल्ड’ बरोबर, असं का?

तुम्ही नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, परदेशी जायची तयारी करताय आणि सरांनी ‘स्ट्राँग कोल्ड’ खोडून ‘हेवी कोल्ड’ केलं, म्हणून विचारलंय. मी नाशिकला इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. दर हिवाळ्यात हा प्रश्न येतोच.

यात व्याकरणाचा नियम नाही, शब्दांची सोबत आहे. मराठीत थंडी कडाक्याची असते, पण ताप सणकून भरतो. डोकं ठणकतं, पोटात मात्र कळ येते. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, कानावर पडत गेलं. इंग्रजीतही तसंच. सर्दी जोराची असेल तर ‘बॅड कोल्ड’ सगळीकडे चालतं, ‘हेवी कोल्ड’ ब्रिटनमध्ये जास्त. ताप मात्र ‘हाय फीव्हर’, ‘हेवी’ नाही. ताप आलाय हे ‘रनिंग अ टेम्परेचर’ असंही सांगतात. ‘माय थ्रोट इज पेनिंग’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. तिथे ‘आय हॅव अ सोअर थ्रोट’ म्हणा. घसा बसला तर ‘आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस’. अंगात कणकण म्हणजे ‘फीव्हरिश’, थंडी वाजून ताप म्हणजे ‘फीव्हर अँड चिल्स’.

सगळ्यात जास्त जपायचं ते एका ‘अ’ला. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झालीय, ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजतेय. माझी एक विद्यार्थिनी इंग्लंडला गेली. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला एक आजी म्हणाल्या, ‘आय ॲम कोल्ड, डिअर.’ हिने थर्मामीटर लावला, नाक चोंदलंय का विचारलं. आजी पुन्हा तेच म्हणाल्या आणि पायाशी सरकलेल्या पांघरुणाकडे बोट दाखवलं. फोनवर सांगताना तिचा आवाज कातर झाला होता. तेव्हापासून हे वाक्य मी पहिल्याच तासाला घेते.

हवेच्या थंडीचे शब्द तुम्हाला सोपे जातील. बोचरा वारा आपलाच, तिथे तो चावतो: ‘बायटिंग विंड’. ‘बिटरली कोल्ड’मधला ‘बिटर’सुद्धा मुळात चावण्याच्याच धातूतला. चार दिवस अचानक गारठा पडून गेला तर ‘कोल्ड स्नॅप’, जरा लांबला तर ‘कोल्ड स्पेल’. आपल्या पेपरांत निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या की इंग्रजी बातमीत ‘कोल्ड वेव्ह’ येतं. हवामान खात्याच्या लेखी मात्र त्याला मोजमाप आहे: सपाट भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी कमी. रोजच्या बोलण्यात ‘इट्स फ्रीझिंग’ पुरे, त्यासाठी शून्य अंश लागत नाही.

वहीत सुटे शब्द लिहू नका, पेशंट बोलेल ते अख्खं वाक्य लिहा. आणि त्याखाली त्या वेळी तुम्ही काय कराल, तेही.