माणूस कुठे आहे, हे रोबोटला कळण्याआधी

माणूस जवळ आला की रोबोट वेळेत थांबेल अशी व्यवस्था बसवण्याच्या कामाला नव्याने लागणारे बहुतेक जण आधी कॅमेरा निवडतात आणि माणूस किती अंतरावर असतानाच रोबोट थांबू लागला पाहिजे, याचा हिशेब मागाहून करतात. तुम्ही क्रम उलटा ठेवा. माणूस सेन्सरच्या नजरेतल्या क्षेत्रात शिरल्यापासून रोबोटचा हात पूर्ण थांबेपर्यंतचा एकूण वेळ, म्हणजे सेन्सरचा प्रतिसाद, कंट्रोलरचा विलंब आणि प्रत्यक्ष ब्रेक लागण्याचा काळ, हे सारे आधी मोजा, आणि तेही पूर्ण वजन उचललेल्या, पूर्ण पसरलेल्या हातावर, कमाल वेगात. माहितीपत्रकातला आकडा बहुधा आशावादी असतो.

आयएसओ १३८५५ हे यंत्रांपासूनचे सुरक्षित अंतर ठरवणारे आंतरराष्ट्रीय मानक चालत्या माणसाचा वेग सेकंदाला १.६ मीटर धरते. एकूण वेळ अर्धा सेकंद असेल, तर तेवढ्यात माणूस ८०० मिलिमीटर पुढे येतो. जमिनीपासून ३०० मिलिमीटर उंचीवर आडवा बसवलेला लेसर स्कॅनर फक्त पाय पाहतो. माणसाने वाकून पुढे केलेला हात त्याला दिसतच नाही, म्हणून आणखी १०८० मिलिमीटर धरावे लागतात. रोबोट स्वतः माणसाकडे सरकत असेल, तर त्याने थांबेपर्यंत कापलेले अंतर वेगळे मिळवावे.

साध्या कॅमेऱ्यावर चालणारे, माणूस ओळखणारे मॉडेल कितीही अचूक भासले तरी त्याच्यावर थांबण्याची जबाबदारी टाकू नका. ते वेग आधीच कमी करण्यासाठी जरूर वापरा. थांबवण्याचे काम मात्र सुरक्षा-प्रमाणित सेन्सरकडेच असू द्या. आणि सेन्सरकडून माहिती येणे बंद झाले, तर त्याचा अर्थ ‘कोणी नाही’ असा न घेता रोबोट थांबलाच पाहिजे. केबल काढून हे स्वतः तपासा.