फायरवॉल अप्लायन्सवर मॉनिटरिंग चालू आहे, तरी लिंक तुटल्यावर अलार्मचा मेल का येत नाही?

तुमच्या दोन अडचणी आहेत. पडद्यावर इंटरफेसचे आलेख व्यवस्थित दिसतात, पण परवा लिंक तुटली तेव्हा मेल आलाच नाही. एरवी मात्र सीपीयूच्या अलार्मचे मेल थांबत नाहीत. दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आलेख दिसतात म्हणजे अप्लायन्स (नेटवर्कची ये-जा गाळणारं फायरवॉलचं उपकरण) मोजमाप घेतंय, एवढंच. निरोप बाहेर जाण्याचा रस्ता निराळा असतो आणि तो बहुतेक वेळा कुणी तपासलेलाच नसतो. सगळ्यात आधी पाहा, तुटलेली लिंक हीच मेल जाण्याचीही वाट होती का? तसं असेल तर दुसरी कुठलीही सेटिंग बदलून उपयोग नाही. अलार्मसाठी दुसरी लाइन हवी, नाहीतर मोबाइल नेटवर्कवरून एसएमएस पाठवणारा मोडेम तरी हवा.

वाट ठीक असेल तर मेलच्या सेटिंग बघा. मेल पाठवण्याचा पोर्ट २५ (इथे पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक) अनेक ठिकाणी बंद असतो. ५८७ वापरा, स्टार्ट-टीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) आणि लॉगिनसह. पाठवणाऱ्याचा पत्ता लॉगिनच्या खात्याशी जुळत नसेल तर बरेच सर्व्हर मेल नाकारतात. अप्लायन्सचं घड्याळ एनटीपीशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेशी) जोडलेलं आहे ना, हेही पाहा. घड्याळ फार चुकलं असेल तर मेल सर्व्हरच्या सर्टिफिकेटची (डिजिटल ओळखपत्राची) पडताळणी फसते आणि मेल अडतो.

'टेस्ट मेल'चं बटण दाबून मेल आला की लोक काम झालं समजतात. त्या बटणानं फक्त मेलचा रस्ता तपासला जातो, अलार्मचा नियम नाही. अप्लायन्सच्या वापरात नसलेल्या पोर्टला (केबल लावायच्या जागेला) एखादं जादा उपकरण जोडा, त्या पोर्टवर अलार्म लावा आणि केबल खरोखर काढून बघा. माझ्या मते एवढी एक चाचणी झाल्याशिवाय मॉनिटरिंग लावलं असं म्हणूच नये.

मेलसोबत एसएनएमपी (नेटवर्कच्या उपकरणांवर लक्ष ठेवण्याची प्रमाणित पद्धत) ट्रॅपही, म्हणजे घटना घडताच उपकरणानं स्वतःहून दिलेला निरोपही, पाठवत असाल, तर ट्रॅप यूडीपी पोर्ट १६२ वर जातो आणि त्याची पोच येत नाही. वाटेत हरवला की हरवला. इन्फॉर्म प्रकारात पोच मिळते. अप्लायन्समध्ये ती सोय असेल तर तीच घ्या. शिवाय मॉनिटरिंग सर्व्हरकडून पोर्ट १६१ वर नियमित विचारणा चालू ठेवा. एसएनएमपीच्या आवृत्ती २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) उघडीच जाते, म्हणून आवृत्ती ३ घ्या, ऑथेंटिकेशन आणि एन्क्रिप्शन दोन्ही लावून. त्यात एक मेख आहे: ट्रॅप घेणाऱ्या सर्व्हरला पाठवणाऱ्याचा इंजिन आयडी (एसएनएमपीमधली त्या उपकरणाची ओळख) माहीत असावा लागतो. अप्लायन्स बदललं की हा आयडीही सहसा बदलतो आणि ट्रॅप मुकाट्यानं टाकून दिले जातात. ट्रॅफिक मोजायला ६४ बिटचे काउंटर निवडा. गिगाबिट लिंक पूर्ण भरली तर ३२ बिटचा काउंटर साधारण ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचलेला आकडा मग निरर्थक ठरतो.

आता मेलचा पूर. सीपीयू क्षणभर वर गेला की लगेच अलार्म, असा नियम ठेवू नका. 'सलग दहा मिनिटं ९० टक्क्यांच्या वर' असा लावा आणि ७५ च्या खाली आल्यावरच अलार्म मिटू द्या. दोन मर्यादांमध्ये अंतर नसेल तर आकडा सीमारेषेवर खालीवर होताना दर वेळी मेल येतो. कोणतं उपकरण कशाच्या मागे आहे, हे अवलंबित्वही भरा: मुख्य स्विच पडला तर त्यामागच्या सगळ्या उपकरणांचे अलार्म न येता त्या स्विचचा एकच आला पाहिजे.

रात्री दोनला हा निरोप आला तर उठून काही करणार आहात का? नसाल, तर तो रोजच्या अहवालात जाऊ द्या. फोनवर मोजकेच यावेत: मुख्य लिंक तुटणं, तापमान, डिस्क, पॉवर सप्लाय. जोडीनं चालणाऱ्या अप्लायन्समध्ये एक पडून दुसऱ्यानं ताबा घेतला, हा अलार्म तर कधीच दाबू नका. कुणाचंही काम अडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आणि दुसरंही पडेपर्यंत सगळं आलबेल वाटतं. पॉवर सप्लाय दोन असतील तर तिथेही हेच.

आणि वीजच गेली तर? बंद पडलेलं अप्लायन्स स्वतःबद्दल काहीच सांगू शकत नाही. त्यासाठी बाहेर, वेगळ्या लाइनवर एक साक्षीदार हवा. अप्लायन्सनं किंवा आतल्या मॉनिटरिंग सर्व्हरनं त्याला ठरावीक वेळानं 'मी आहे' असा संकेत पाठवायचा आणि तो आला नाही की साक्षीदारानं अलार्म द्यायचा. तुमच्याकडे हे नाहीये, आणि मी असतो तर केबलच्या चाचणीनंतर लगेच हेच लावलं असतं.

केबल काढल्यावर लॉगमध्ये घटना दिसली आणि तरी मेल आला नाही, तर त्या वेळच्या ओळी पासवर्ड आणि पत्ते झाकून इथे टाका. अप्लायन्सनं मेल पाठवलाच नाही की मेल सर्व्हरनं नाकारला, हे त्यावरून कळेल.