ऑफच्या दिवशी ऑफिस ड्युटी : सहवैमानिकाने काय करावे?

प्रश्न : मी एका खासगी विमान कंपनीत सहवैमानिक आहे, बेस मुंबई. करारात उड्डाण, सिम्युलेटर आणि प्रशिक्षण एवढेच काम आहे. हल्ली ऑफच्या दिवशी फोन करून कार्यालयात बोलावतात, ज्युनिअर वैमानिकांच्या रजा आणि रोस्टर बघायला लावतात. मोबदला नाही. आता 'डेप्युटी मॅनेजर' पदाच्या पुरवणी करारावर सही मागत आहेत. नकार दिला तर नोकरी जाईल का?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : त्या पुरवणी करारावर सही करू नका. मोबदल्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत व्यवस्थापकीय काम करणारा 'कामगार' नसतो, म्हणजे कामगाराला मिळणारे संरक्षण त्याला मिळत नाही. महिना 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षकही नसतो. कुशल, तांत्रिक काम करणाऱ्याला मात्र पगाराची मर्यादा नाही. जुन्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली किंग एअरवेजच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने वैमानिकांना कामगार मानले ते याच आधारावर. नुसत्या पदनामाने काही ठरत नाही, प्रत्यक्ष काम पाहिले जाते. पण इतरांच्या रजा तुमच्या सहीने मंजूर होऊ लागल्या की तुम्हाला या संरक्षणाबाहेर काढायला कंपनीच्या हाती आयता पुरावा येतो.

आता विश्रांतीचे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) एफडीटीएल नियमांत, म्हणजे उड्डाण आणि ड्युटीच्या वेळेच्या मर्यादांत, कार्यालयीन काम हीसुद्धा ड्युटीच आहे. ते तास सात दिवसांतल्या 60 तासांच्या ड्युटी-मर्यादेत धरावे लागतात. आठवडी विश्रांती सलग 48 तास हवी, त्यात दोन स्थानिक रात्री. संध्याकाळी सहाला कार्यालयातून सुटून पहाटे पाचला रिपोर्टिंग असेल, तर मध्ये 11 तासच उरतात. उड्डाणाआधी किमान 12 हवेत. गडबड होते ती इथेच : बोलावणे फोनवर येते, रोस्टरमध्ये चढत नाही आणि कागदावर सगळे नियमात दिसते. थकलेला वैमानिक कॉकपिटमध्ये बसतो, ही जोखीम प्रवाशांचीही आहे.

म्हणून प्रत्येक फोननंतर लगेच ईमेल करा : अमुक वाजता, अमुक कामासाठी बोलावले आहे, हे तास ड्युटी म्हणून नोंदवा. ज्या दिवशी विश्रांती मोडत नाही, त्या दिवशी 'हक्क राखून, निषेध नोंदवून' असे लिहून काम करा, म्हणजे आज्ञाभंगाचा आरोप टिकणार नाही. विश्रांती मोडत असेल तर नियम दाखवून लेखी नकार द्या आणि थकव्याचा अहवाल भरा. रोस्टर बदलण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या, मूळ फोन जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चे प्रमाणपत्र लागते.

करारात 'कंपनी सांगेल ती इतर कामे' असे कलम आहे का, तपासा. असले तरी ती कामे वैमानिकाच्या पदाशी निगडित हवीत, हा युक्तिवाद भक्कम आहे. शिवाय कामाचे तास आणि विश्रांती बदलायची तर संहितेच्या कलम 40प्रमाणे 21 दिवसांची नोटीस लागते.

दाद मागायला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात जाऊ नका. विमान वाहतूक केंद्राच्या अखत्यारीत येते, म्हणून शीवच्या श्रम रक्षा भवनातील केंद्रीय कामगार आयुक्तांकडे जायचे. एकट्याचा वाद औद्योगिक वाद ठरतो तो नोकरीवरून काढल्यावरच. जादा कामाविरुद्ध युनियनमार्फत किंवा सहकाऱ्यांसह तक्रार करावी लागेल. नकारामुळे काढलेच, तर एकट्यानेही दाद मागता येते. डीजीसीएकडे फक्त विश्रांतीचा भंग न्या, कराराचा वाद ते सोडवत नाहीत.

सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी रजा टाकण्याचा विचार असेल तर सोडून द्या. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली नैमित्तिक रजा संहितेत संपच मानली जाते आणि संपाला 14 दिवसांची नोटीस लागते. राजीनामाही घाईने देऊ नका : सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कंपनीने एनओसी दिली तरच ती कमी होते.