नववीचा इंग्रजीचा तास

प्रश्न : आम्ही पुण्याहून न्यू जर्सीला आलो. मुलगी सप्टेंबरात नववीत जाईल. इथे इंग्रजी साहित्याच्या तासाला धड्याखालची प्रश्नोत्तरं नसतात म्हणे. मग असतं तरी काय? – एक आई, एडिसन

उत्तर : ताई, मी इथे २२ वर्षं हाच विषय शिकवतेय. गाइड नाही, पाठांतर नाही, हे खरं. अख्खं पुस्तक वाचायचं. नववीला बऱ्याच शाळांत शेक्सपिअरचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ असतं. त्याची सुरुवात १४ ओळींच्या कवितेने (सुनीत, म्हणजे सॉनेट) होते आणि दोघं मरणार हे तिथेच सांगून टाकलंय. पहिल्या दिवशी मी एवढंच विचारते : शेवट आधीच का सांगितला असेल? उत्तरं अनेक चालतात, पण प्रत्येकाला नाटकातली ओळ दाखवावी लागते. आपली मुलं इथेच अडखळतात. बाईंना काय हवंय ते शोधत बसतात. तिला घरी तुमच्याशी मराठीतून मनसोक्त वाद घालू द्या, फार उपयोग होतो. निबंधाचंही तेच : आधी आपलं म्हणणं, मग पुरावा. पहिला मसुदा खुणांनी भरून परत येईल, घाबरू नका. तो पुन्हा लिहायचाच असतो. दुसऱ्याचं वाक्य नाव न देता उचललं तर मात्र शाळा फार कडक वागते. तेवढं तिला आधीच सांगून ठेवा.